शुक्रवारपर्यंत

मडगावच्या ईनासियोने हेडसेट दिला तो आठ दिवसांच्या बोलीवर.
खोका फाडू नका, म्हणाला, फोमला तेल लागू देऊ नका,
नाही आवडला तर शुक्रवारपर्यंत परत.
तेवढ्याच पैशात बत्तीस इंची मॉनिटर येतो,
तोही दाखवला त्याने, फडक्याने पुसत,
जशी मासेवाली दुसरा इसवण दाखवते, कल्ले उघडून.

सव्वीस वर्षं मी दाबोळीला लोडर होतो.
विमान मला माहीत आहे ते पोटाकडून.
गुडघ्यांवर रांगत, मान वाकवून,
लोकांच्या बॅगा, काजूचे खोके,
एकदा एक शवपेटी, एकदा पिंजऱ्यातलं मांजर,
मस्कतपर्यंत मलाच शिव्या देत गेलं असणार.
पोटाला खिडकी नसते.
निवृत्तीत मिळाले मानेचे दोन झिजलेले मणके
आणि पुतण्याचा जुना कॉम्प्युटर.

चिखलीच्या आमच्या खोलीत, फ्रिजच्या शेजारी,
चौकोनी पडद्यावर दीड वर्ष उडतोय.
हातात जॉयस्टिक, पायाखाली शिवणयंत्राची जुनी पाटी, तीच रडर.
पडद्यावर सगळं वाचता येतं: उंची, वेग, इंधन.
बाजूला चहा, वहीत लिहिलेली यादी,
आणि शालन. भाजी निवडता निवडता ती यादी वाचते.
"फ्लॅप?" "दहा."
"चाकं?" "खाली."
"गॅस?" आणि मी उठून कुकरखालचा बंद करून येतो,
तोवर विमान दोनशे फूट घसरलेलं.

पण वळताना धावपट्टी दिसत नाही.
समुद्रावरून उलट जाताना ती डाव्या खांद्यामागे असते,
आणि पडद्याला खांदा नसतो.
बटण दाबलं की दृश्य सरकतं, सोडलं की हरवतं.
अंदाजाने वळतो
आणि निम्म्या वेळा उतरतो सांकवाळच्या माडांत.

सोमवारी रात्री हेडसेट घातला.
काय सांगू. छत नव्हतं. खोलीच नव्हती.
बोगमाळोचा किनारा पंखाखालून सरकला,
मी नुसती मान वळवली, दुखऱ्या बाजूला,
आणि तिथे होती ती, सव्वीस नंबरची,
शेजारी ते सिमेंटचं मैदान
जिथे ट्रॉलीच्या सावलीत डबा उघडायचो.
वरून. पहिल्यांदाच वरून.

मग आकडे पुसट झाले.
मग हात शोधले, मांडीवर हात नव्हते.
खऱ्या हाताने खोटा खटका चाचपला
आणि चहा कीबोर्डवर.
पोटात ढवळलं, सोलकढी घशाशी आली,
आणि मानेत ती जुनी कळ,
जणू कुणी पुन्हा बॅग ठेवली,
जास्त वजनाची, चिठ्ठी न लावलेली.

शालन म्हणाली, "यादी मी कुणाला वाचायची?
तुम्ही घरात नव्हताच."

बुधवारी तिनेच घातला. चष्म्यावरून, तिरका.
मी विमान हवेत थांबवून धरलं.
ती चिखलीत आमचं घर शोधत होती.
त्या जागी प्रोग्रामने ठेवलंय
कुठल्याशा थंड मुलखातलं करड्या छपराचं घर,
धुराडं असलेलं.
"धुराडं!" इतकी हसली,
हात लांब करून ते उपटायला गेली
आणि माझ्या नाकात बोट.
मग गप्प. मान इकडे, मान तिकडे.
"अहो," म्हणाली, "झुवारी एवढी रुंद?"

तिची मान चांगली आहे.

आज गुरुवार. ईनासियोला फोन केला:
मॉनिटर काढून ठेव बाजूला, किंवा नको, उद्या सांगतो.
खोका फाडलेला नाही.
फोमला तेल लागलंय, तिच्या केसांचं, खोबरेल.
आत्ता ती खुर्चीवर आहे, मी पाटावर,
भेंडी चिरतोय, यादी वाचतोय.
"फ्लॅप?"
"थांबा," म्हणते,
"खांद्यामागे बघतेय."